खोली केवढी, बांधली कोणी : हार्बर लाइनवरचे चार दिवस

मुंबई बघायला आलेला पाहुणा हार्बर लाइनच्या वाटेला फारसा जात नाही. या लाइनवर फास्ट गाडी नाही, सगळ्या धीम्या. नाव हार्बर, पण खिडकीतून बंदर जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ती गोदामं, दगडी कुंपणं आणि मागच्या अंगाने पाहिलेली घरं. पण घरंच बघायची असतील तर या लाइनसारखी दुसरी लाइन नाही. मशीद ते बेलापूर उतरत उतरत गेलं की गाळ्यावरची खोली, गावठाणातलं लाकडी घर, बीडीडीची चाळ, प्लेगनंतर आखलेली कॉलनी, फाळणीनंतरचा कॅम्प, म्हाडाची, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाची वसाहत आणि नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचा सेक्टर असं सगळं एकाच रुळावर भेटतं. प्रत्येक स्टेशनाला विचारायचे प्रश्न तीनच ठरवले होते. खोली केवढी, बांधली कोणी आणि कोणासाठी.

वेळ निवडली फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, मंगळवार ते शुक्रवार. रविवार मुद्दाम टाळला. त्या दिवशी हार्बरवर बहुधा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद, असतो, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार, आणि चालायच्या नेमक्या वेळात गाड्या गायब होतात. सोमवारही टाळला, कारण माटुंग्यातली काही नावाजलेली उडुपी हॉटेलं सोमवारी बंद असतात. पावसाळ्यात हा बेत करूच नये. कुर्ला, चुनाभट्टी, वडाळा हा सगळा पट्टा सखल आहे, आणि जोरदार पाऊस आणि भरती एका वेळी आली की आधी हार्बरच बसते.

तिकिटाचं आधी उरकू. उपनगरी गाडीच्या साध्या तिकिटावर मध्येच उतरून पुन्हा चढता येत नाही. मशीदला उतरलात की ते तिकीट संपलं, डॉकयार्डसाठी नवं काढा. यावर उपाय म्हणजे खिडकीवर मिळणारं टुरिस्ट तिकीट. सेकंड क्लासचं एका दिवसाचं ७५ रुपये, तीन दिवसांचं ११५, पाच दिवसांचं १३५. ते मध्य, पश्चिम, हार्बर सगळीकडे चालतं. पैशांचा हिशेब केला तर सुटी तिकिटंही जवळपास तेवढ्यातच पडतात, कारण कमीत कमी भाडं अजून ५ रुपयेच आहे. वाचते ती रांग. दिवसातून पाचसहा वेळा उतरायचं असेल तर रांगेत अर्धा-पाऊण तास सहज जातो. मोबाइलवरून सुटं तिकीट काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधी, रस्त्यावरच काढा. रुळांच्या जवळ गेल्यावर ॲप तिकीट देत नाही, आणि विनातिकीट सापडलं तर भाड्याशिवाय २५० रुपये दंड.

दुसरी गोष्ट फाट्याची. वडाळा रोडला लाइन फुटते. एक फाटा किंग्ज सर्कल, माहीमवरून वांद्रे-अंधेरी-गोरेगावकडे जातो, दुसरा गुरु तेगबहादूर नगर, कुर्ला, चेंबूरवरून वाशी-बेलापूर-पनवेलकडे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला (सीएसएमटी) दोन्हीकडच्या गाड्या एक आणि दोन नंबरच्या फलाटांवरूनच सुटतात. वडाळ्यापर्यंत कुठलीही चालते. पुढे जायचं असेल तर चढण्याआधी इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन वाचा. नवख्यांची हमखास चूक म्हणजे चेंबूरला निघून गोरेगाव गाडीत बसणं. किंग्ज सर्कलला लक्षात आलं तर एक स्टेशन मागे यायचं असतं, माहीमला लक्षात आलं तर पाऊण तास गेलाच.

पहिला दिवस : मशीद, डॉकयार्ड रोड

सकाळी आठला सीएसएमटीकडे येणाऱ्या गाड्या दाबून भरलेल्या असतात आणि तिथून निघणाऱ्या गाड्यांत पाय पसरून बसता येतं. चारही दिवस हेच सूत्र पाळलं. सकाळी शहराच्या टोकापासून आत जायचं, संध्याकाळी साडेपाचच्या आत परत फिरायचं.

मशीद हे पहिलंच स्टेशन. नावामागे मुसलमानांची मशीद असेल असं वाटतं. पण जाणकार बोट दाखवतात ते सॅम्युएल स्ट्रीटवरच्या सिनेगॉगकडे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाकडे. शार हारहमीम हे मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधलं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी. आडनावावरूनच कळतं, माणूस कोकणातला. बेने इस्रायली ज्यू म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावरचे शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. घरात मराठी बोलत ते मुंबईत आले आणि या मोहल्ल्यात राहिले. आज मोहल्ल्यात त्यांची बिऱ्हाडं जवळपास उरलेली नाहीत, इमारत उरली आहे. आत जायचं तर मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, आणि फोटो काढण्याआधी विचारा. शनिवारी जाऊ नका, तो प्रार्थनेचा दिवस.

मशीद-मांडवीची घरं ही धंद्याच्या डोक्यावरची घरं. तळाला गाळा किंवा पेढी, वर लाकडी गॅलरीतून उघडणाऱ्या खोल्या. सकाळी दहानंतर रस्त्यावर हातगाड्या, पाट्या आणि पोती यांचंच राज्य असतं. मागून ‘बाजू, बाजू!’ ऐकू आलं की विचार न करता भिंतीला चिकटायचं, कारण भरलेल्या हातगाडीला ब्रेक नसतो. ही ओझी वाहणारा माथाडी बहुतेक साताऱ्या-सांगलीकडचा. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला तो याच बाजारातल्या पाठींसाठी. गावाकडून एकट्याने आलेल्या या माणसासाठी इथे घर बांधायचं कोणाच्या मनात आलं नाही. त्याच्या वाट्याला आली ती गाळ्याची खोली, दहा-पंधरा जणांत वाटलेली. हे माथाडी पुढे चौथ्या दिवशी पुन्हा भेटले.

मशीद ते डॉकयार्ड हा पाच-सात मिनिटांचा प्रवास दारात उभं न राहता, पण खिडकीशी बसून करावा. हार्बर इथे कमानींवरून वर चढते. सँडहर्स्ट रोडला तर मेन लाइन खाली आणि हार्बर वर असं दुमजली स्टेशन आहे. डोंगरीच्या इमारतींचे मजले रुळाच्या पातळीला येतात. वाळत घातलेले कपडे, देव्हारा, कुकर, अभ्यासाला बसलेलं पोर. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली ती याच वाटेने. कमानींवरचा हा भाग तेव्हाचाच, म्हणजे खिडकीबाहेरची कितीतरी बिऱ्हाडं शंभर वर्षं गाडीच्या आवाजातच नांदताहेत.

डॉकयार्ड रोडला उतरलं की डोक्यावरच भंडारवाड्याची टेकडी. वर पालिकेचा जलाशय आणि त्याच्या पाठीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. जिना दमवतो, पण वरून गोदी, क्रेन आणि मागचं बंदर एका नजरेत येतं. हार्बर लाइनवरून हार्बर दिसायची खरी जागा हीच. गोदीच्या दिशेने लांब पल्ल्याचे कॅमेरे लावू नका, नौदलाच्या बोटी बांधणारी गोदी आहे.

उद्यानाला ज्यांचं नाव आहे ते काका बाप्टिस्टा इथून दहा-बारा मिनिटांवरच्या माथारपाखाडीत १८६४ मध्ये जन्मले. टिळकांचे वकील, होमरूल लीगचे अध्यक्ष, पुढे मुंबईचे महापौर. कोकणात पाखाडी म्हणजे फरसबंदी पायवाट, आणि माथारपाखाडी आजही तशीच आहे. दोन माणसं छत्र्या उघडून समोरासमोर आली तर एकाला थांबावं लागेल अशा गल्ल्या. घरं दीड-दोन मजली, बाहेरून चढणारा लाकडी जिना, पुढे ओटा, कौलं, खिडक्यांना नक्षीच्या पट्ट्या. बाहेरचा जिना ही शोभा नव्हे, त्याचा उपयोग होता. वरचा मजला भाड्याने दिला की भाडेकरू मालकाच्या घरातून ये-जा करत नाही.

राहणारे मूळचे ईस्ट इंडियन, म्हणजे उत्तर कोकणातले मराठी बोलणारे कॅथलिक. इंग्रज नोकऱ्यांत गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, आपण इथलेच, हे ठसवायला १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्यांनी हे इंग्रजी नाव घेतलं. इथलेच आहोत हे सांगायला इंग्रजी नाव! मुंबईच्या इतिहासात अशा गमती बऱ्याच आहेत. ओट्यावर बसलेल्या एका आजींचं बोलणं वसईकराला लगेच ओळखू येईल असं होतं. ईस्ट इंडियन घरांतल्या बॉटल मसाल्याचा विषय निघाल्यावर त्यांनी एकच सूचना केली: एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या आणि खडा मसाला कडकडीत वाळला नाही तर बाटलीत दाबून भरलेला मसाला पावसाळ्यात बुरशी धरतो. बिअरची गडद बाटली वापरतात ती एवढ्यासाठीच, उजेड लागून रंग उडू नये.

पाखाडीत फिरताना ध्यानात ठेवायचं ते हे, की घराचा ओटा रस्त्याला लागून असला तरी तो घरच आहे. ओट्यावर बसून फोटो काढणाऱ्यांना लोक कंटाळले आहेत. सकाळी अकराच्या आत जा आणि पाच-सहापेक्षा जास्त जण एकदम जाऊ नका.

परतताना नवाब टँक रोडवरचं चिनी देऊळ. १९१९ मधलं, वरच्या मजल्यावर, लाल रंगाचं, बाहेरून पटकन न दिसणारं. बंदरावर काम करणाऱ्या चिनी खलाशांची इथे वस्ती होती. दहा मिनिटांत बघून होतं.

दुसरा दिवस : रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी

कुर्ला ते रे रोड हा हार्बरचा पहिला तुकडा, १२ डिसेंबर १९१० ला सुरू झाला. तो माणसांपेक्षा मालासाठी होता हे रे रोडला उतरलं की कळतं. पूर्वेला दारुखाना. इथली दारू म्हणजे तोफांची, बारुदाची कोठारं होती. आता जहाजांचं भंगार, साखळदंड, नांगर, लोखंडी पत्रे. माणसं राहतात, पण बंदराच्या जमिनीवर आणि कागदाशिवाय. पाऊण तासात निघालो. बघायला जावं अशी ती जागा नाही, आणि दुसऱ्याची अडचण बघायला जाऊही नये.

कॉटन ग्रीनला हिरवळ शोधू नका. पूर्वी कापसाच्या गासड्यांचा व्यापार कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्टातल्या मोकळ्या मैदानावर चाले, ते हिरवं मैदान म्हणजे ग्रीन. बाजार तिथून कुलाब्याला गेला, १९२० च्या दशकात शिवडीच्या बाजूला आला आणि नाव सोबत घेऊन आला. कापूस गेला, नाव राहिलं. आजूबाजूचा माणूस मात्र कॉटन ग्रीन म्हणतच नाही, तो काळाचौकी म्हणतो. रिक्षा शोधण्यात वेळ घालवू नका. मुंबई शहरात रिक्षा चालतच नाहीत, त्या पश्चिमेला वांद्र्यापासून आणि पूर्वेला सायनच्या पलीकडून सुरू होतात. इथे टॅक्सी, बेस्टची बस किंवा पाय.

पश्चिमेला बाहेर पडून अभ्युदय नगर. गृहनिर्माण मंडळाने कामगारांसाठी बांधलेली वसाहत. मोठी पटांगणं, रांगेत उभ्या इमारती, तळाला वाचनालय नाहीतर मंडळाचं ऑफिस, भिंतीवर कबड्डीच्या स्पर्धेचा बॅनर. चाळीतल्या माणसाला इथे पहिल्यांदा स्वतःचं संडास-बाथरूम मिळालं. एक काका इमारतीपुढच्या बाकावर पेपर वाचत होते. वसाहतीबद्दल विचारलं तर त्यांनी आधी पुनर्विकासाबद्दलच सांगायला सुरुवात केली. या पूर्ण लाइनवर घराबद्दल काहीही विचारलं की उत्तर पुनर्विकासापासूनच सुरू होतं. ‘किती फुटांचं मिळणार?’ हा इथला ‘जेवलात का?’ आहे.

काळाचौकीतून वीस मिनिटं पश्चिमेला चाललं की लालबाग. चिवडा गल्ली आणि मसाल्याची गल्ली दोन्ही इथे. फेब्रुवारीच्या मध्यापासून मिरचीचा हंगाम जोर धरतो. पद्धत अशी: मिरची निवडायची (रंगाला बेडगी नाहीतर काश्मिरी, तिखटाला लवंगी किंवा पांडी, मधली संकेश्वरी), देठं काढून घ्यायची, उन्हात कडक करायची, खडा मसाला वेगळा भाजायचा आणि मग दोन्ही डंखावर कुटायला द्यायचं. डंख म्हणजे लोखंडी मुसळांची मशीन. चक्कीत दळलेला मसाला गरम होऊन वास घालवतो, कुटलेला तेवढा तापत नाही, म्हणून मालवणी घरं डंखासाठी रांग लावतात. समोर उभं राहून कुटून घ्यायची रीत आहे, आणि आपलं घमेलं दुसऱ्याच्या घमेल्यात मिसळणार नाही याकडे लक्ष ठेवायची जबाबदारी आपली. नाकाला रुमाल हवाच. मिरची उन्हात न देता मऊ असतानाच कुटली तर मसाल्याचे गोळे होतात, आणि मग दोष डंखवाल्यावर येतो.

शिवडीत बीडीडी चाळी आहेत, संख्येने बारा. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या केल्या, त्यांतली ही सगळ्यात लहान वसाहत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला २० खोल्या, चाळीला ८०. खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्याच्या मध्यावर, सामायिक. आरसीसीच्या जाड भिंती, लहान खिडक्या. बाहेरून पाहिलं तर तुरुंग वाटतो आणि पुढे काहींचा खरोखर तसा उपयोगही झाला. पहिली काही वर्षं गिरणी कामगार इथे यायला तयार नव्हता, भाडं परवडत नव्हतं. आता त्याच १६० फुटांत तिसरी-चौथी पिढी आहे. कॉरिडॉर हा इथला दिवाणखाना, पाण्याचे पिंप, सायकली, चपलांचे स्टँड आणि आज्या.

दुपारनंतर शिवडी पूर्व. आधी किल्ला, इंग्रजांनी १६८० मध्ये बांधलेला, स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटं. मग जेट्टी, फ्लेमिंगोंसाठी. इथे वेळ चुकवली तर काहीच दिसत नाही. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलात दूर गेलेले असतात, पूर्ण भरतीला चिखलच बुडालेला असतो आणि ते उडून जातात. भरतीच्या साधारण दोन-तीन तास आधी पोहोचलं की पाणी त्यांना हळूहळू काठाकडे ढकलत आणतं. तेव्हा भरती-ओहोटीचं कोष्टक आधी बघा, गाडीचं वेळापत्रक नंतर. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला तो इथूनच निघतो, आणि जेट्टीवरचं आकाश आता अर्धं पुलाने व्यापलंय. जेट्टीच्या रस्त्यावर ट्रेलर धावतात, फुटपाथ जवळपास नाही. अंधार पडायच्या आत स्टेशन गाठावं.

तिसरा दिवस : वडाळा, माटुंगा, कोळीवाडा

चार दिवसांतला हा सगळ्यात सुखाचा दिवस, आणि तो सुखाचा का, याला कारण आहे प्लेग.

१८९६ मध्ये मांडवीत, म्हणजे पहिल्या दिवशी जिथे हातगाड्या चुकवल्या तिथे, प्लेग सुरू झाला. दाट वस्ती, बंद गल्ल्या, धान्याची कोठारं आणि उंदीर. १८९८ मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्याने जुन्या शहरात वस्त्या पाडून रस्ते काढले आणि उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, सायन इथे शेतांवर आणि पाणथळ जमिनीवर नवी नगरं आखली. प्लॉट केवढा, इमारत प्लॉटच्या किती भागावर, दोन इमारतींत अंतर किती, मजले किती, सगळं आधी ठरलेलं. मांडवीत हवा नव्हती म्हणून इथे हवेचा नियम केला.

वडाळा रोडला पश्चिमेला उतरून आधी विठ्ठल मंदिर. आषाढीला इथे एवढी गर्दी असते की पंढरपूरला जाणं न झालेले मुंबईकर इथेच वारी पुरी करतात. एरवी सकाळी शांत. तिथून पंधरा-वीस मिनिटांवर पाच उद्यानं आणि पारशी कॉलनी. ट्रस्टमधले इंजिनिअर मंचेरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले आणि कॉलनी उभी केली. तळमजला आणि वर दोन मजले, रस्त्यागणिक एका जातीची झाडं. फुटपाथवर खरोखर चालता येतं, ही मुंबईत सांगायची गोष्ट आहे. दुपारी एक ते चार इथे फिरू नका, बाकांवर वामकुक्षी चालू असते आणि मोठ्याने बोललेलं कोणाला आवडत नाही.

पाच उद्यानांपासून माटुंगा चालत. एकाच ट्रस्टची, एकाच आखणीची ही वस्ती, पण इथे भाडेकरू म्हणून दक्षिणेचे लोक आले. रेल्वे, बँका, विमा कंपन्यांत नोकरी करणारे तमिळ, कन्नड, मल्याळी कारकून. घराशेजारी देऊळ, देवळाशेजारी फुलं, फुलांशेजारी कॉफी. माटुंगा बाजारात मोगरा आणि अबोलीचे गजरे हाताच्या लांबीवर विकतात, केळीची पानं अख्खी मिळतात आणि कच्च्या केळ्यांचे, सुरणाचे ढीग दक्षिणेसारखेच.

जेवायला रामा नायक यांचं उडुपी, १९४२ पासूनचं, माटुंगा स्टेशनजवळ. केळीच्या पानावरचं जेवण घ्यायचं तर साडेअकरा-बाराला पोहोचा, एक वाजता रांग जिन्यापर्यंत येते. पानावर टाकू नका, इथे ते खपवून घेत नाहीत. नाश्त्याला कॅफे मद्रास, पण सुट्टीच्या सकाळी तासभर थांबायची तयारी हवी. कॉफीची पूड घरी न्यायची असेल तर दुकानात दोन गोष्टी सांगाव्या लागतात. चिकोरी किती आणि दळण कसं. ८०-२० म्हणजे वीस टक्के चिकोरी, कॉफीचा वास राखून दाटपणा येतो. ७०-३० घेतली तर दूध जास्त घालता येतं, पण कडवटपणा वेगळा लागतो. पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरसाठी दळण मध्यम हवं. अगदी बारीक दळलं तर भोकं बुजतात आणि अर्धा तास थांबूनही डिकॉक्शन उतरत नाही.

माटुंग्याहून गुरु तेगबहादूर नगरला जाताना पुन्हा तोच फाटा आडवा येतो. जवळचं हार्बर स्टेशन किंग्ज सर्कल, पण ते दुसऱ्या फाट्यावर. गाडीने जायचं तर एक स्टेशन मागे वडाळ्याला, तिथून पनवेल-वाशी गाडी पकडून पुढे. चालत गेलं तर पंचवीसेक मिनिटं. चालावं.

या स्टेशनाचं जुनं नाव कोळीवाडा. नाव कोळ्यांचं, पण फाळणीनंतर इथे पंजाबातून आलेल्या निर्वासितांच्या इमारती झाल्या. कोळ्यांची कोळंबी आणि पंजाब्यांचं बेसन, ओवा, लाल तिखट यांची गाठ पडली आणि ‘प्रॉन्स कोळीवाडा’ जन्माला आलं. देशभरातल्या मेनूकार्डांवर असलेल्या या पदार्थाला कोळ्यांच्या घरातला समजू नका, कोळीण कोळंबीला बेसन लावत नाही. जुन्या पंजाबी कॉलनीच्या इमारती आता पाडल्या आहेत. खाण्याच्या दुकानांत संध्याकाळी सहानंतर तळण सुरू होतं. भाव वजनावर आहे की प्लेटवर हे ऑर्डर देण्याआधी विचारा, निम्मी भांडणं तिथेच होतात.

चौथा दिवस : चेंबूर आणि खाडीपलीकडे

चेंबूरला सकाळी साडेआठच्या आत. कारण दाल पकवान. चेंबूर कॅम्पात, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना जिथे बराकींत ठेवलं तिथे, पकवानाची कढई पहाटे चढते आणि अकरापर्यंत माल संपतो. पकवान म्हणजे मैद्याची टोचे मारलेली कुरकुरीत पुरी, वर हरभऱ्याच्या डाळीचं घट्ट वरण, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. डाळ पुरीवर ओतून घेऊ नका, वेगळी मागा, दोन मिनिटांत पुरी मऊ पडते. बराकींची घरं आता शोधावी लागतात. जिथे होती तिथे मालकांनी मजले चढवलेत, पण गल्लीची सरळ रेघ बघितली की खालची बराक ओळखू येते.

स्टेशनजवळ चेंबूरचं गावठाण आहे, पूर्वेला छेडानगरात १०८ पायऱ्यांचं मुरुगनचं देऊळ आहे, आणि एक स्टेशन मागे टिळकनगर ही म्हाडाची वसाहत. तिथल्या कमी मजल्यांच्या इमारतींच्या जागी एकेक करून टॉवर उभे राहिलेत. कुर्ला-चेंबूर रूळ १९०६ मध्ये टाकले ते शहराचा कचरा वाहायला. माणसं त्यावरून १९२४ पासून जाऊ लागली. आज चेंबूरमधला चौरस फुटाचा भाव ऐकताना हे आठवतं. (लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरणाऱ्यांनी लोकलसाठी टिळकनगर गाठावं, कुर्ल्यापेक्षा जवळ पडतं.)

मानखुर्दनंतर गाडी खाडीवर येते. कोणी हात जोडतं, कोणी नाणं टाकतं. दाराशी असाल तर निर्माल्याच्या पिशव्यांपासून सांभाळा, वाऱ्याने उलट्या येतात.

पलीकडची गोष्ट उलटी आहे. मुंबईत रेल्वे आली आणि तिच्यामागे घरं आली. इथे घरं बांधणाऱ्यानेच रेल्वे आणली. नव्या मुंबईची कल्पना आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पण खाडी ओलांडायला रेल्वे नाही म्हटल्यावर लोक यायला तयार नव्हते. शेवटी खर्चाचे ६७ टक्के सिडकोने उचलले आणि १९९२ मध्ये गाडी वाशीला पोहोचली. स्टेशनांवर ऑफिसांच्या इमारती आहेत त्या हौसेने नाहीत, पैसे वसूल करायला आहेत. मशीदचे घाऊक बाजारही या बाजूला, वाशी-तुर्भ्याला आले आणि पाठोपाठ माथाडी. त्यांची घरं कोपरखैरणे-घणसोलीत झाली. गाळ्याच्या खोलीत वाटून राहिलेल्यांच्या मुलांना सिडकोचा सेक्टर मिळाला. वाशीत फार रेंगाळलो नाही. सेक्टर नंबर पाठ असेल तर घर सापडतं, नसेल तर तासभर त्याच चौकात फिरायला होतं, एवढं सांगून पुढे.

शेवटचं उतरणं सीबीडी बेलापूर. स्टेशनपासून रिक्षाने दोन किलोमीटर, पारसिकच्या टेकडीखाली सेक्टर ८ मध्ये आर्टिस्ट व्हिलेज. रिक्षावाल्याला ‘आर्टिस्ट व्हिलेज’ एवढंच सांगा, कोरियांचं नाव सांगून उपयोग नाही. १९८३ ते ८६ मध्ये कोरियांनी इथे साडेपाचशे कुटुंबांसाठी बैठी घरं आखली. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर. सात घरांमध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण, अशा तीन घोळक्यांमध्ये त्याहून मोठं अंगण, आणि असे तीन मिळून एक चौक. आखणीतला खरा डाव वेगळाच. एका घराची भिंत दुसऱ्या घराला लागत नाही. भिंत सामायिक नाही म्हणजे शेजाऱ्याची परवानगी न घेता मजला चढवता येतो, खोली वाढवता येते. आधी लहान घर घ्या, पैसे आले की वाढवा. दुरुस्ती साध्या गवंड्याला जमेल असं बांधकाम.

आणि लोकांनी वाढवलं. कौलं जाऊन स्लॅब आले, ओटे जाऊन पार्किंग आलं. मूळ घर बघायचं असेल तर गल्लीगल्लीतून शोधावं लागतं, बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मजली आरसीसी बंगले उभे आहेत. आर्किटेक्चरचे विद्यार्थी हळहळतात. पण वाढवता यावं म्हणूनच तर घर सुटं ठेवलं होतं. अंगणं मात्र शाबूत आहेत. एका अंगणात पाच-सात बायका पापड वाळत घालत होत्या, मधोमध पोरांचं क्रिकेट, आणि चेंडू पापडांवर गेला की आउट असा नियम.

परतीला बेलापूरहून सीएसएमटीला तास-सव्वातास लागतो. संध्याकाळी या दिशेने जागा मिळते, पण वडाळ्याच्या पुढे उतरायचं असेल तर एक स्टेशन आधीच दाराकडे सरका. फलाट कुठल्या बाजूला येतो हे शेजारच्याला विचारलेलं बरं, हार्बरवर ते बदलत राहतं, आणि गाडी वीस-पंचवीस सेकंदांपेक्षा जास्त थांबत नाही.